चांदीचा रुपया : वजन, कस आणि विश्वास



कामगार संघटनेत तीस वर्षे काम केलेला माणूस जुन्या चांदीच्या नाण्यांवर बोलायला उभा राहतो, याचे काहींना नवल वाटले असेल. नाण्यांचा संग्रह हा संस्थानिकांचा, सराफांचा, फार तर निवृत्त अधिकाऱ्यांचा नाद, अशी एक समजूत आहे. ती अगदीच निराधार नाही. परंतु नाणे ज्याच्या हातून सर्वांत अधिक वेळा जाते आणि ज्याच्या हाती सर्वांत कमी वेळ टिकते, तो कष्टकरी. त्याच्या श्रमाचे मोल त्याला ज्या तुकड्यांत मिळत आले, ते तुकडे नीट वाचता येणे ही त्याच्याही गरजेची विद्या आहे, असे मी मानतो. पुण्यातील वसंत व्याख्यानमाला १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने सुरू झाली, आणि त्याच रानड्यांनी मराठी अमलातील चलन व टांकसाळी यांवर निबंध लिहून ठेवला आहे. तेव्हा हा विषय अशा व्यासपीठाला परका नाही.

आपल्या बोलण्यात नाण्यांचे शब्द इतके मुरले आहेत की ते मूळचे कुठले, हे आपण विसरलो. एखाद्याच्या नावाला बट्टा लागतो. एखाद्याचे बोलणे खणखणीत असते. माणसाची पारख करावी लागते. मुलगा बिघडला की बाप म्हणतो, आपलेच नाणे खोटे. पोतदार हे आडनाव खजिन्यात येणारी नाणी पारखून घेणाऱ्या कामदाराचे. हातात रुपया आला की तो आधी वाजवून आणि तोलून पाहायचा, असा एक काळ होता; हे शब्द त्या काळाने मागे ठेवले आहेत.

रुपयाचे वजन आणि चांदीचा प्रवास

आपला रुपया शेरशहा सूराच्या कारकीर्दीतला, म्हणजे १५४० ते १५४५ या काळातला. त्याचे वजन १७८ ग्रेन, म्हणजे सुमारे साडेअकरा ग्रॅम. मोगलांनी पुढे साधारण तेच वजन राखले. सराफी हिशेबात आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा. म्हणजे रुपया हा जवळजवळ तोळाभर चांदीचा, वजन ठरलेला आणि कस ठरलेला तुकडा. त्यावरचा शिक्का एवढेच सांगत असे की, हे वजन आणि हा कस आम्ही पाहिला आहे, तुम्ही पुन्हा पाहण्याची गरज नाही. नाणे म्हणजे धातूवर लिहिलेले वचन. ते कोणी पाळले, कोणी मोडले आणि मोडल्याचा भुर्दंड कोणी भरला, हाच नाण्यांचा इतिहास.

मी राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्याचा. गावाच्या नावात गुंज, नदी गुंजवणी, मावळ गुंजण. लहानपणी कुंपणावरच्या वेलीचे लाल-काळे दाणे आम्ही खिसे भरून गोळा करीत असू. तोच दाणा सराफाच्या तराजूत बसतो आणि सोन्याचांदीचा न्याय करतो, हे मला फार उशिरा, पुण्यात हमालीच्या कामावर आल्यानंतर कळले. पण सराफाच्या पारड्यात दुसऱ्या बाजूला जी चांदी पडत असे, ती मात्र आमच्या डोंगरातली नव्हे. सह्याद्रीच्या काळ्या दगडात चांदी नाही. मावळातल्या घराघरांत जोडवी, वाळे, कडदोरे आणि देवांचे टाक यांच्या रूपाने जी चांदी आली, ती बहुतेक समुद्रापलीकडून आली.

ती आली कुठून? दक्षिण अमेरिकेत पोतोसी येथे १५४५ मध्ये चांदीचा डोंगरच सापडला. मेक्सिकोच्या खाणी चालू झाल्या. त्याच्याही आधी युरोपात सॅक्सनी, हार्झचे डोंगर आणि बोहेमिया येथे चांदी निघत होती. बोहेमियात योआखिम्सटाल नावाच्या गावी श्लिक घराण्यातील सरदारांनी १५२० च्या सुमारास चांदीचे मोठे नाणे पाडायला सुरुवात केली. टाल म्हणजे खोरे. त्या खोऱ्यातले नाणे म्हणून त्याला टालर म्हणू लागले आणि टालरचाच पुढे डॉलर झाला. आज जगभर ज्याच्या भावाने बाजार हलतो, त्या डॉलरचे नाव एका मावळातून निघाले आहे, ही गोष्ट आम्हां मावळातल्या लोकांना ऐकायला बरी वाटते. १५६६ मध्ये जर्मन साम्राज्याने टालरचे वजन सुमारे २९ ग्रॅम ठरवले. आपल्या मापात अडीच तोळे.

युरोपी व्यापारी मसाला, कापड आणि नीळ घ्यायला येत. त्यांच्या मालाला इथे फारसे गिऱ्हाईक नसे, म्हणून ते चांदी आणीत. सुरतेला गलबतातून उतरलेली परकी नाणी तशीच बाजारात चालत नसत. ती सराफाकडे किंवा टांकसाळीत जात, वितळत आणि रुपया होऊन बाहेर पडत. म्हणून जुना रुपया हातात घेताना ध्यानात ठेवावे की, या चांदीने कदाचित आधी स्पेनच्या किंवा एखाद्या जर्मन राजाचा चेहरा अंगावर वागवला असेल.

मराठ्यांचे रुपये

शिवछत्रपतींनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. शिवराईवर एका बाजूस 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' अशी देवनागरी अक्षरे असत. चांदीच्या व्यवहारात मात्र प्रामुख्याने मोगली रुपया चाले, आणि कोकणपट्टीत लारी चाले. लारी हे चांदीची तार दुमडून, तिच्यावर शिक्का मारून केलेले नाणे. इराणातील लार शहरावरून त्याचे नाव पडले. विजापूरच्या आदिलशाहीनेही लाऱ्या पाडल्या.

अठराव्या शतकात मराठ्यांचे राज्य पसरले तसे रुपयेही अनेक झाले. पुण्याचा अंकुशी, त्यावर हत्तीच्या अंकुशाची खूण, चांदवडचा चांदवडी, नाशकाकडचा जरीपटका, बागलकोटचा मल्हारशाही, पन्हाळ्याचा शंभूपीरखानी. या रुपयांवर नाव मात्र दिल्लीच्या बादशहाचे आणि लिपी फारसी. ज्या शाहआलमला मराठ्यांनी १७७२ मध्ये दिल्लीच्या तख्तावर नेऊन बसवले, त्याचेच नाव पुण्याच्या रुपयावर! याचे कारण दुबळेपणा नव्हे. बाजार ज्या नावाला ओळखतो, तेच नाव नाण्यावर ठेवावे लागते. मालक कोण, हे सांगायला कोपऱ्यातला अंकुश पुरेसा होता.

टांकसाळ म्हणजे मोठा कारखाना नव्हे. सरकारचा परवाना घेतलेला सोनार किंवा सराफ, त्याची भट्टी, तराजू, ऐरण आणि चार-सहा कारागीर. चांदी गाळायची, कस पाहायचा, तुकडे पाडायचे, तोलून जास्तीचे कापायचे, कडा ठोकून गोल करायच्या. मग खालचा ठसा ऐरणीत, वरचा हातात, आणि घणाचा एक घाव. ठसा नाण्यापेक्षा मोठा असे. म्हणून कोणत्याही एका रुपयावर सगळी अक्षरे उमटत नाहीत. एकावर बादशहाच्या नावाचा तुकडा, दुसऱ्यावर गावाचे नाव, तिसऱ्यावर साल. एकाच जातीचे पाच-सात रुपये शेजारी ठेवावे, तेव्हा पूर्ण लेख जुळतो. संग्रह कशाला करायचा, याचे पहिले उत्तर इथेच मिळते. एकटे नाणे अर्धेच बोलते.

साल वाचणे अवघड नाही. फारसी आकडे एका संध्याकाळी शिकता येतात. मी ते शिकलो तेव्हा माझे शिक्षण सातवीपर्यंतचे होते. हिजरी सालातून शेकडा तीन वजा करावे आणि ६२२ मिळवावे. हिजरी ११९० घ्या. तीन टक्के म्हणजे ३६ वजा केले, ११५४ राहिले. त्यात ६२२ मिळवले की १७७६ आले. १८१८ नंतरही काही वर्षे इंग्रजांनी पुण्यात अंकुशी रुपया चालू ठेवला. त्या उशिराच्या रुपयांवर फसली साल असते. त्यात ५९० मिळवले की इसवी सन मिळतो.

बट्टा कोण भरतो?

टांकसाळी अनेक, कस वेगवेगळा. मग एका गावचा रुपया दुसऱ्या गावी पुऱ्या किमतीला चालेना. सराफ त्याला बट्टा लावी. समजा, शेकडा तीन बट्टा आहे. सावकाराला किंवा व्यापाऱ्याला ते आधीच ठाऊक असते. तो सौदा करतानाच कोणता रुपया घेणार ते बोलून घेतो. शिपायाला, मजुराला आणि सारा भरणाऱ्या कुणब्याला ही सोय नाही. त्याला मिळतो तो रुपया एक, आणि द्यावा लागतो तो दुसरा. मधले तीन रुपये त्याच्या पदरातून जातात. कागदावर त्याची मजुरी कोणी कापलेली नसते. तरी ती कापली गेलेली असते.

हे आपल्याकडेच घडले असे नाही. जर्मनी त्या काळी एक देश नव्हता. राजे, सरदार, बिशप आणि स्वतंत्र नगरे अशी शेकडो सत्तास्थाने होती, आणि त्यांतील बऱ्याच जणांना नाणी पाडण्याचा हक्क होता. १६१८ मध्ये तीस वर्षांचे युद्ध पेटले. १६१९ ते १६२३ या काळात पैशाच्या ओढीने एकामागून एक टांकसाळी नाण्यांत तांबे मिसळू लागल्या. सराफ तराजू हलवून जड नाणी निवडून काढीत आणि ती वितळवून हलकी नाणी पाडण्यास देत. त्या तराजूच्या खालीवर होण्यावरूनच जर्मन लोकांनी या काळाला नाव दिले आहे. यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, मोठ्या टालरचा कस बहुतांशी टिकला. भेसळ झाली ती मुख्यतः लहान नाण्यांत. टालर कोणाकडे असे? श्रीमंतांकडे. लहान नाणी कोणाकडे? रोजंदारीवाले, शिपाई, शिक्षक, विधवा यांच्याकडे. शेवटी ती हलकी नाणी कोणी घेईना, दंगे झाले, आणि १६२३ च्या सुमारास राजांना पुन्हा जुन्या वजनाकडे यावे लागले. सारा कर हलक्याच नाण्यांत परत आपल्याकडे येतो, हे कळल्यावर त्यांना शहाणपण सुचले.

जर्मन नाणी जमवणारे सुंदर शिक्क्याच्या मोठ्या टालरमागे धावतात. मला विचाराल तर त्या चार वर्षांतले तांबूस, पातळ, कुरूप लहान नाणेच अधिक सांगते.

घरातली चांदी आणि दूरचा कायदा

१८३५ मध्ये कंपनी सरकारने सर्वत्र एकच रुपया केला. वजन १८० ग्रेन, त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. बट्ट्याचा जाच हळूहळू संपला. कोणीही चांदी घेऊन टांकसाळीत जावे, थोडी घडणावळ द्यावी आणि रुपये घेऊन यावे, अशी मोकळीक होती. त्यामुळे बायकोच्या पायातला तोडा आणि पेटीतला रुपया यांत मोलाचा फरक फारसा नव्हता. तोडा म्हणजे पायात घातलेली शिल्लक.

१८७१ मध्ये जर्मन संस्थाने एक झाली. १८७३ मध्ये त्यांनी सोन्याचे चलन स्वीकारले, जुने टालर वितळवले आणि चांदी बाजारात विकायला काढली. अमेरिकेतील नव्या खाणींची चांदीही त्याच वेळी येत होती. भाव कोसळला. पूर्वी जवळजवळ दोन शिलिंग मिळवणारा रुपया १८९२-९३ मध्ये सव्वा शिलिंगावर आला. तेव्हा २६ जून १८९३ रोजी हिंदुस्थान सरकारने लोकांच्या चांदीसाठी टांकसाळींचे दरवाजे बंद केले. रुपया सावरला, चांदी मात्र उतरतच राहिली. रुपयात चांदी तीच, तोड्यात चांदी तीच, पण आता एकीवर सरकारचा शिक्का होता आणि दुसरीवर नव्हता. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ आले. घरातला दागिना घेऊन बाजारात गेलेल्या शेतकऱ्याला तोळ्याला रुपया मिळेना. बर्लिनमधल्या निर्णयाची झळ अशी दख्खनच्या खेड्यातल्या बाईच्या पायापर्यंत पोहोचली, आणि तिला ते कोणी सांगितलेही नाही.

१९४० : एक टांकसाळ, दोन नाणी

आता ज्या साली सगळे धागे मुंबईत एकत्र आले, त्या सालाकडे येतो. १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि महागाई वाढू लागली. मार्च १९४० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी महागाई भत्त्यासाठी मोठा संप केला. त्याच साली सरकारने रुपयातली चांदी अकरा-बारांशावरून निम्म्यावर आणली. १९४० ते १९४३ या काळात जुने भरचांदीचे रुपये चलनातून काढून घेण्यात आले.

आणि त्याच मुंबईच्या टांकसाळीत १९४०-४१ मध्ये आणखी एक नाणे पाडले जात होते. ते म्हणजे मारिया टेरेसा हिचा टालर. ही ऑस्ट्रियाची सम्राज्ञी १७८० मध्ये वारली. तिचा हा टालर मूळचा आजच्या जर्मनीतील ग्युन्त्सबुर्ग येथील टांकसाळीचा. अरबस्तान आणि इथिओपिया येथील व्यापाऱ्यांचा त्यावर एवढा विश्वास बसला की, तिच्या मृत्यूनंतरही शतकाहून अधिक काळ तो १७८० हेच साल घालून पाडला जात राहिला. इथिओपियात इटलीशी लढणाऱ्या इंग्रज सैन्याला तिथे धान्य, जनावरे, माणसे हवी होती, आणि तिथला माणूस दुसरे नाणे घेईना. म्हणून मुंबईत हे टालर लाखांनी पाडले गेले. त्यांचे वजन २८ ग्रॅम, आणि सहा भागांत पाच भाग चांदी. त्यात एका गुंजेचीही काटछाट करण्याची सोय नव्हती.

श्रोतेहो, हे दोन तुकडे माझ्या संग्रहात मी एकाच कप्प्यात ठेवतो. एका छपराखाली, एका साली, एका सरकारने पाडलेली ही दोन नाणी. एकातली चांदी निम्मी झाली, दुसऱ्यातली जशीच्या तशी राहिली. का? इथिओपियातला खेचरवाला 'हे नाणे नको' म्हणू शकत होता. मुंबईचा साचेवाला म्हणू शकत नव्हता. १९३६ च्या कायद्याने मजुरी चालू नाण्यांत किंवा चलनी नोटांत द्यावी असे ठरवून दिले होते. तो कायदा चांगलाच होता, कारण त्याने धान्य किंवा चिठ्ठी हातावर ठेवण्याची चाल मोडली. परंतु चालू नाण्याचे मोल काय राहील, याविषयी त्यात शब्द नव्हता. ती उणीव भरून काढण्यासाठी कामगाराकडे संघटनेखेरीज साधन नव्हते. जुन्या मजुराला सराफाचा बट्टा सोसावा लागला. १९४० च्या मजुराने भत्ता मागितला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या वतीने, पगार पुढल्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा, अशी मागणी केली होती. पगार किती, केव्हा आणि कशात, या तिन्ही प्रश्नांना सारखेच महत्त्व आहे, हे त्या पिढीने ओळखले होते.

संग्रह कसा करावा

आता थोडे व्यवहाराचे. ज्यांना हा छंद लावून घ्यायचा असेल त्यांनी प्रथम एक लहान, अचूक तराजू घ्यावा आणि नाणे नंतर घ्यावे. तराजू फसवणूक वाचवतो. ओतीव खोट्या नाण्याच्या कडेला साच्याचा जोड दिसतो, अंगावर बारीक भोके दिसतात, आणि वजन बहुधा चुकते. मुलामा दिलेले तांबे कडेला उघडे पडते.

दुसरे, नाणे घासू नये. चिंच, राख, लिंबू यांनी ते चकाकते खरे, पण अक्षरे झिजतात. काळेपणा हा चांदीचा दोष नव्हे, तिचे वय आहे. सराफाने टोचून पाहिल्याच्या खुणा असतील तर नाक मुरडू नये. कोणीतरी कधीतरी या रुपयावर संशय घेतला आणि तो खरा ठरला, याची ती पावती आहे. माळेत ओवण्यासाठी डाग देऊन बसवलेली कडी असेल, तर तीही तोडू नये.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे : नाणे कुठून आले ते लिहून ठेवावे. गाव, घर, पेटी, माळ, वर्ष. ठिकाण हरवलेले नाणे म्हणजे पत्ता फाटलेले पत्र. ते कोणत्या वाटेने फिरले, कुठल्या टांकसाळीचा रुपया कोणत्या खोऱ्यात चालत होता, हे त्या एका ओळीवरून कळते.

चौथे, कायदा. जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचा पुरलेला ठेवा सापडला, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्याला कळवावे लागते. भीती वाटण्याचे कारण नाही. सरकारने तो ठेवून घेतला तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा मिळतो. लपवणारा मात्र आपला हक्क गमावतो आणि शिक्षेलाही पात्र होतो. शंभर वर्षांहून जुनी नाणी देशाबाहेर नेण्यास १९७२ च्या कायद्याने बंदी आहे. आमचा राजगड २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला. तोरण्यावर महाराजांना धन सापडले आणि त्यातून राजगड उभा राहिला, अशी कथा बखरींनी सांगितली आहे. ती कथा ऐकून यंत्रे घेऊन गडावर उकरत बसणाऱ्यांना संग्राहक म्हणू नये. संरक्षित गडावरची एक शिवराईही उचलणे हा गुन्हा आहे.

पाहायचे असेल तर पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे, आणि नाशिकजवळ अंजनेरी येथे १९८० पासून नाण्यांच्या अभ्यासाला वाहिलेली संस्था आहे. पाहायला फारसा खर्च येत नाही.

शेवटी एक विनंती करतो. आज चांदीचा भाव चढला आहे. खेड्यापाड्यांतल्या पेट्यांतून जुने रुपये बाहेर येत आहेत आणि थेट भट्टीत जात आहेत. मुलीचे लग्न, घरचे आजारपण, खताची उधारी असली की माणूस विकणार, आणि त्याला विकू नको म्हणण्याचा अधिकार मला नाही. पण विकण्याआधी दोन गोष्टी प्रत्येकाला करता येतील. माळेतले रुपये एकदा तोलावे, आणि कोणता रुपया कुठल्या सालचा, कुठल्या शिक्क्याचा, हे वहीत लिहून त्याच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे. राणीचा रुपया लाखांनी आहे. त्याच माळेत एखादा अंकुशी असेल, तर तो ओळखणाऱ्याकडे चांदीच्या भावापेक्षा अधिक मोल मिळेल आणि वाचेलही. अडाण्याचा माल वजनावर जातो आणि जाणत्याचा गुणावर जातो. मजुरीचेही तसेच आहे, हे आम्ही संघटनेत रोज सांगतो. घरातल्या चांदीसाठी तेच सांगायला मी इथे आलो होतो.